मण्यावर चढवायची बिनरंगी काच कशी निवडावी

बडोद्यात रासायनिक कारखाने आणि महाविद्यालये यांच्यामुळे प्रयोगशाळेचे काचसामान विकणारी दुकाने बरीच आहेत. तिथे मिळणाऱ्या, द्रावण ढवळायच्या काचेच्या कांड्या इतक्या नितळ आणि सरळ असतात की घरी गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर मणी घडवणाऱ्याला रंगीत गाभ्यावर चढवण्यासाठी त्याच घ्याव्यात असे वाटणे साहजिक आहे. त्या घेऊ नयेत. ती काच बहुधा बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णतेने फारशी न फुगणारी, असते आणि तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती एक कोटी भागांत सुमारे ३३ भागच प्रसरण पावते. लॅम्पवर्कसाठी, म्हणजे ज्योतीवर काच वितळवून करायच्या या कामासाठी, सर्वत्र वापरली जाणारी मऊ इटालियन काच त्याच एका अंशाला सुमारे १०४ भाग प्रसरण पावते. असा जोड थंड होताना आतला गाभा आवरणापेक्षा तिपटीने आकसतो आणि मणी तडकतो. काही वेळा तो भट्टीतून धड बाहेर येतो व नंतर केव्हातरी आपोआप दुभंगतो, आणि तोवर तो कोणाच्या तरी गळ्यातही गेलेला असतो.

म्हणून काच कितीही स्वच्छ दिसो, पहिला प्रश्न प्रसरणाच्या आकड्याचा विचारावा. मुरानोची एफेत्रे, जर्मनीतील लाउशा गावाच्या नावाने मिळणारी काच, डबल हेलिक्सची एथर आणि क्रिएशन इज मेसीची काच ही सर्व १०४ च्या घरातली आहेत. बुल्सआयची काच ९० ची आहे आणि भट्टीत काच जोडण्याच्या कामासाठी ९६ चीही काच मिळते. ही दोन्ही कुटुंबे १०४ च्या गाभ्यावर चालत नाहीत. बाटलीची किंवा खिडकीची काच साधारण ९० च्या आसपास असल्यामुळे तीही बाद होते. फिरोजाबाद आणि पुर्दिलनगर येथील काचेवर बहुधा आकडा लिहिलेला नसतो. त्या काचेचे मणी करायचे असतील, तर गाभा आणि आवरण दोन्ही एकाच ठिकाणच्या काचेचे ठेवावे आणि तरीही पुढील चाचणी करून घ्यावी.

ही चाचणी आकडा माहीत असतानाही करावी, कारण आकडा सारखा असला म्हणजे दोन काचा जुळतातच असे नाही. तो साधारण ३०० अंशांपर्यंतच्या प्रसरणाची सरासरी सांगतो. त्याच्या वर, काच घट्ट होत असताना दोन काचा कशा वागतात, हे त्यातून कळत नाही. गाभ्याच्या रंगाचा आणि बिनरंगी काचेचा साधारण वाटाण्याएवढा सारखाच गोळा घ्यावा व दोन्ही शेजारी शेजारी चिकटवावेत. एकावर दुसरा गुंडाळू नये. ज्योतीत दोन्ही सारखे मऊ झाले की बाहेर काढून, पीळ न देता, एक मिलिमीटर जाडीचा वीतभर धागा सावकाश ओढावा. तो पूर्ण थंड झाल्यावर सपाट टेबलावर ठेवून पाहावा. धागा सरळ राहिला तर जोडी जुळली. तो कमानीसारखा वाकला, तर कमानीच्या आतल्या बाजूची काच जास्त आकसणारी आहे. वरवरच्या टिपक्यासाठी किंचित वाक खपून जातो, पण आवरणात काच भरपूर असते, त्यामुळे तिथे ही सवलत घेऊ नये.

यानंतरची गोष्ट ताठपणाची, म्हणजे ज्योतीत काच किती उशिरा मऊ होऊन वाहते याची आहे आणि माझ्या मते नवशिक्यांचे सर्वात जास्त मणी इथेच बिघडतात. पुरणापेक्षा कणीक घट्ट मळली गेली की लाटताना पुरण बाजूने फुटून येते. मण्याचेही तसेच होते. एफेत्रेची २०४ क्रमांकाची पांढरी काच फार मऊ आहे. तिच्यावर ताठ बिनरंगी काच दाबून बसवायची म्हणजे ती काच हलावी म्हणून उष्णता वाढवावी लागते, तोवर खालचा पांढरा पसरतो आणि त्यावर काढलेली फुले, टिपके, रेषा फरफटतात. अशा गाभ्यावर लवकर वाहणारी बिनरंगी काच घ्यावी, शिवाय गाभा थोडा निवू देऊन, फक्त बिनरंगी काचेच्या काडीचे टोक तापवून, गुंडाळी घालत जावे. लाउशाची काच तुलनेने ताठ आहे. पारदर्शक किंवा गडद रंगाच्या, ज्योतीत फारशा न हलणाऱ्या गाभ्यावर ती उत्तम बसते. एफेत्रेचे अलाबास्त्रो आणि ओपालिनो या नावांचे रंग जाड आवरणाखाली तडकण्याबद्दल बदनामच आहेत. त्यांना उघडेच ठेवलेले बरे.

नितळपणाची पारख दुकानातच करता येते. काडी आडवी धरून सगळेच पाहतात. ती पांढऱ्या कागदावर उभी धरून वरच्या तोंडातून लांबीच्या दिशेने पाहावी. एवढ्या जाडीतून लोहामुळे येणारी हिरवट झाक लपत नाही. दोन मिलिमीटरच्या आवरणात ती काळ्या किंवा गडद निळ्या मण्यावर जाणवणार नाही, पण हस्तिदंती किंवा फिक्या गुलाबी गाभ्यावर जाणवेल. त्यानंतर काडी दिव्यासमोर फिरवून आत केसासारख्या बारीक, लांब पांढऱ्या रेघा आहेत का ते पाहावे. काडी ओढली जाताना ताणले गेलेले ते बुडबुडे असतात आणि वितळल्यावर त्यांचेच गोल ठिपके होतात. आवरण भिंगासारखे काम करत असल्यामुळे खालच्या नक्षीबरोबर हे ठिपकेही मोठे दिसतात.

पुष्कळदा दोष काडीचा नसून हाताळणीचा असतो, म्हणून काच नाकारण्यापूर्वी तेवढे तपासावे. बडोद्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या काड्यांवर दमटपणामुळे पुसट थर येतो, उन्हाळ्यात धूळ बसते, आणि दोन्हींचा ज्योतीत करडा पडदा होतो. काडी स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडी करून मगच पेटत्या टॉर्चजवळ न्यावी. स्पिरिटची बाटली मात्र टेबलापासून लांब ठेवावी. टोक एकदम ज्योतीत घातले तर ते तडकते, आणि त्या भेगांत अडकलेली हवा शेवटपर्यंत निघत नाही. काच टॉर्चच्या तोंडाशी न नेता ज्योतीच्या बाहेरच्या भागात सावकाश वितळवावी, कारण अति तापलेली काच उकळून बारीक फेस धरते. एफेत्रेची ००६ क्रमांकाची बिनरंगी काच या बाबतीत विशेष हळवी आहे. ऑक्सिजनशिवाय फक्त गॅसवर चालणाऱ्या टॉर्चची ज्योत कमी गरम असते आणि हवा कमी पडली की काच धुरकट करते. अशी टॉर्च असणाऱ्यांनी ताठ काचेच्या वाटेला न गेलेलेच बरे.

निवडलेल्या जोडीचा एक मणी चाचणीसाठी करून तो भट्टीत सुमारे ५१० ते ५२० अंश सेल्सिअसवर, लहान असेल तर अर्धा ते एक तास ठेवून सावकाश थंड करावा. उष्णतारोधक लोकरीत गुंडाळून ठेवलेला मणी हळू निवतो एवढेच. त्यातला ताण जात नाही, त्यामुळे पुढे तडा गेला तर दोष काचेचा की निवण्याचा हे ठरवता येत नाही. शिवाय मणी लगेच विकायला न ठेवता काही आठवडे खोक्यात राहू द्यावा, कारण उशिरा जाणारे तडे याच काळात बहुधा दिसून येतात.

परदेशी काच महाग पडते, म्हणून सगळ्या कामासाठी एकच उंची काडी घेण्याचा आग्रह धरू नये. गडद गाभ्यासाठी साधी एफेत्रे पुरते. फिका गाभा, बारीक फुले आणि चांदीयुक्त काचेची नक्षी यांच्यासाठी तेवढी एथरसारखी काच राखून ठेवावी. कोणतीही काच आधी पाव किलोच घ्यावी, आणि पुढच्या खेपेला त्याच क्रमांकाची काच आली तरी धाग्याची चाचणी पुन्हा करावी, कारण एकाच क्रमांकाच्या दोन घाण्यांतही फरक पडतो.