गेर उभारताना या चुका टाळा

मंगोलियातल्या पशुपालकांच्या गेरचा, म्हणजे हलवता येणाऱ्या गोल तंबूघराचा, एकही खांब जमिनीत पुरलेला नसतो. भिंतीची लाकडी जाळी म्हणजे खाना, छताच्या काठ्या म्हणजे उनी, माथ्यावरचं चाक म्हणजे तोनो. सगळं एकमेकांच्या ताणावर उभं असतं. म्हणून गेर बिघडलं की आधी ताण कुठे सैल पडलाय ते बघावं.

पहिली चूक जाळीतच होते. जागा जास्त मिळावी म्हणून खाना प्रमाणाबाहेर ताणला की भिंत बुटकी होते, घेर वाढतो आणि छताचा उतार कमी होतो. मग पाणी निथळण्याऐवजी नमद्यात, म्हणजे गेरवर पांघरलेल्या लोकरीच्या जाड थरात, मुरतं. आधी मध्यबिंदूवर दोरी धरून घेर सगळीकडे सारखा आहे ना, ते मोजून घ्या. पलंग-कपाटं त्याच वेळी आत ठेवा, नंतर ती दारातून जात नाहीत.

उनी एकाच बाजूने लावत सुटू नका, तोनो कलतो. चारही दिशांना थोड्या थोड्या लावून मग मधल्या भरा.

तरीही तोनो कललाच, तर काठ्या ठोकत बसू नका. बहुतेक वेळा दोष आतल्या पट्ट्याचा असतो. हा पट्टा दाराच्या एका चौकटीपासून निघतो, खान्याभोवती फिरतो आणि दुसऱ्या चौकटीला बांधला जातो. छताचं वजन भिंतीला सतत बाहेर ढकलतं आणि ते धरून ठेवतो हा पट्टा. नमदा उतरवायचा कंटाळा न करता पट्टा पुन्हा आवळा, गेर सरळ होतं.

वादळात तोनोपासून लोंबणारी चाग्ताग ही दोरी विसरू नका. एरवी ती उन्यांत खोचलेली असते. वारा चढला की खाली ओढून जड दगडाला किंवा पोत्याला बांधायची, म्हणजे छत उचललं जात नाही.

सर्वांत जिवावरची चूक मात्र चुलीची. उणे ३० अंशांच्या रात्री ऊब टिकावी म्हणून तोनोवरचा पडदा, ओर्ख, घट्ट ओढायचा आणि धुराडं नीट न तपासता कोळसा पेटता ठेवायचा, हे कधीही करू नका. राजधानी उलानबातरमध्ये २०१९ पासून कच्चा कोळसा जाळायला बंदी आहे, तिथे कोळशाच्या दाबलेल्या विटा वापरतात. पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही निघतो आणि त्याला वास नसतो. डोकं दुखून मळमळायला लागलं, तर थंडीचा विचार न करता आधी सगळ्यांना बाहेर काढा. धुराडं दर हिवाळ्याआधी साफ झालंच पाहिजे.

थंडीवर खरा उपाय खाली आहे. भिंतीच्या पायाशी नमद्याची जादा पट्टी लावा, गारवा तिथूनच शिरतो. उन्हाळ्यात उलट, नमद्याची कड थोडी वर गुंडाळली की वारा खेळतो.

मुक्काम हलवताना ओला नमदा बांधू नका. तो ओल्या घोंगडीसारखा जड होतो आणि घडीत कुजतो. ऊन पडेपर्यंत थांबा, दोन्ही बाजू वाळवा, मगच गाडीवर चढवा.