जवळपास स्टॉक गाडीला रिमॅप करावा का? आधी हे तपासा, मग पैसे मोजा

ऑक्टाव्हिया आरएस, व्हर्टस जीटी, स्लाव्हिया १.५ अशी मुळातच दमदार गाडी घेतली की वर्षभरात 'रिमॅप करून टाक', म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. गाडी जवळपास स्टॉकच (कंपनीतून आली तशीच) असते, फार तर एअर फिल्टर बदललेला. अशा गाडीला ट्यूनिंग करण्यात अर्थ आहे का? टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेलं पेट्रोल इंजिन असेल तर आहे, आणि चांगलाच आहे. मात्र निर्णय इंजिनाकडे बघून नाही, इंजिनाच्या मागे काय जोडलंय ते बघून घ्यावा.

सुरुवात इंजिनाच्या प्रकारापासून करा. टर्बो नसलेलं इंजिन पिस्टन खाली जाताना ओढेल तेवढीच हवा घेतं. सॉफ्टवेअर बदलून तिथे पाच-सात पीएस (हॉर्सपॉवर) मिळाले तरी पुष्कळ, आणि तेही जाणवतील असं नाही. अशा गाडीवर रिमॅपचे पैसे घालू नका. चांगले टायर आणि ब्रेक पॅड घ्या, गाडी खरोखर बदलेल. टर्बोमध्ये हवेचा दाब ईसीयूच्या हातात असतो. हलकं पेट्रोल, मे महिन्याचं ऊन, चुकलेल्या सर्व्हिसिंग या सगळ्यांत इंजिन टिकावं म्हणून कंपनी बरीच जागा राखून ठेवते. रिमॅप ती राखीव जागा वापरतो.

आता गिअरबॉक्स. सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस जीटीचं १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. तिच्या ऑटोमॅटिकमध्ये डीक्यू२०० हा सात गिअरचा, ड्राय क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे आणि त्याची ठरवलेली मर्यादाही २५० एनएमच आहे. म्हणजे कंपनीने आधीच काठापर्यंत भरून दिलंय. वर चढवलेला प्रत्येक एनएम क्लच सोसतो, आणि पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रांगताना हाच क्लच आधीच तापत असतो. या गाडीला करायचंच असेल तर टॉर्क खालच्या आरपीएमवर जवळपास आहे तिथेच ठेवून वरच्या आरपीएमला थोडी ताकद वाढवणारा सौम्य मॅप (बदललेलं सॉफ्टवेअर) मागा. '३२० एनएम देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

याउलट २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस घ्या. २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० एनएम आणि तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी. इथे इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचाही मॅप केला तर वाढलेली ताकद अंगी लागते. माझ्या मते स्टॉक गाडीवर रिमॅप सार्थकी लागतो तो अशाच ठिकाणी.

गिअरबॉक्सचं उत्तर समाधानकारक मिळालं की गाडीची तब्येत बघा. आजारी इंजिनावर मॅप चढवू नका. स्पार्क प्लग नवे घाला. दाब वाढला की जुन्या प्लगची ठिणगी विझते आणि जोर लावताना गाडी अडखळते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यावर काजळी साठते. गाडी बरीच चालली असेल तर ती साफ करून घ्या.

मग डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) स्टॉक अवस्थेतच गाडी चालवून ओबीडीतून (गाडीच्या निदान-जोडणीतून) डेटा नोंदवायला सांगा. ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन टायमिंग किती मागे खेचलं जातंय (ठिणगी किती उशिरा पडतेय), एवढं बघा. तीन सिलिंडर शांत आणि एकाचंच टायमिंग सारखं मागे जात असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा. ते मिटेपर्यंत पुढे जाऊ नका. नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटण्याची) ही खूण स्टॉक मॅपवर दिसत असेल तर वाढीव बूस्टवर ती पिस्टनपर्यंत पोहोचते.

पेट्रोलचा विचार याच वेळी करा. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल रोजच्या पंपावर मिळतं का? मॅप त्यावर बेतला आणि सातारा-कोल्हापूरकडे जाताना साधं पेट्रोल भरलं, की भर उन्हात खंबाटकी चढताना ईसीयू टायमिंग मागे घेणार आणि वाढलेली ताकद तिथेच गळणार. जे कायम मिळतं त्यावरच मॅप बनवून घ्या.

कागदपत्रांची बाजू लपवू नये. वॉरंटी चालू असेल तर थांबा. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरच्या यंत्रणेत पकडलं जाऊ शकतं आणि गाडीवर 'टीडी१' अशी, वॉरंटी अडवणारी नोंद बसते. स्टॉक फाइल (मूळ सॉफ्टवेअर) परत टाकली म्हणून ती नोंद पुसली जात नाही. विमा कंपनीला बदल कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ₹५,००० दंडाची तरतूद आहे. हा धोका पत्करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढायला मात्र कुणी सांगितलं तर साफ नकार द्या.

ट्यूनर निवडताना मूळ फाइलची प्रत तुमच्याकडे देणार का आणि मॅप टाकल्यावर पुन्हा लॉग काढून सुधारणार का, हे विचारा. फक्त आकडा सांगणारा नको. आधीची आणि नंतरची डायनो चाचणी एकाच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, त्याच पेट्रोलवर व्हायला हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

नंतर ऑइल निम्म्या अंतरावर बदला. कंपनीने १५,००० किमी सांगितलं असेल तर ७,५०० वर. पहिले काही आठवडे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. लहान टर्बो इंजिनात सिलिंडरमधलं पेट्रोल अवेळी पेटण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो. गाडी वेग न घेता आरपीएम नुसताच वर पळू लागला तर क्लच घसरतोय. त्याच दिवशी स्टॉक फाइल परत टाका आणि गाडी गॅरेजला न्या.