जिनिंग, काटा, कचेरी: ऑटिस्टिक माणसाने गावाकडची नोकरी कशी सांभाळावी

विदर्भात तालुक्याच्या गावी नोकरी म्हणजे बहुतेक जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना), दालमिल, बाजार समिती, कृषी केंद्र, पतसंस्था नाहीतर ग्रामपंचायतीतलं संगणकाचं काम. इथे एचआर नावाचं खातं नसतं. शेठ, दिवाणजी आणि मुकादम एवढीच वरची माणसं, आणि त्यातला एखादा तुमच्या मामाचा साडू निघतो. त्यामुळे ‘मला ऑटिझम आहे’ हे दुपारी सांगितलं की संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोहोचतं, आणि वाटेत त्याचं काय रूप होईल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून खाजगी कामावर आमचा सल्ला असा: काय हवंय ते आधी सांगा. निदानाचं नाव नंतर, आणि तेही त्यातून ठोस काही मिळणार असेल तरच.

मागणी कामाच्या भाषेत करा. “मले आवाजाचा त्रास होते” म्हटलं तर “सगळ्यायलेच होते” असं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी “दिवाणजी, माझा टेबल प्रेसच्या भिंतीपासून तिकडे नेला तर गाठींचा आकडा चुकणार नाही” असं म्हणा. एका वेळी एकच मागणी करा, आणि ती गाड्यांची रांग लागलेली असताना नको. सकाळी जिन सुरू व्हायच्या आधी किंवा संध्याकाळी हिशेब जुळल्यावर.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तोंडी हुकमांत. “ते पाहून घे”, “जरा लवकर कर”, “थोड्या वेळानं बघू” यांतून काय, किती आणि कधी हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. ते ओळखता येत नसेल तर अंदाजाने काम सुरू करू नका. खिशात छोटी वही ठेवा. हुकूम मिळाला की लिहा आणि लगेच वाचून दाखवा: “म्हणजे आधी काट्याच्या पावत्या, मंग गाठींची नोंद, दोन्ही चार वाजेपर्यंत. बरोबर?” ‘काय करू?’ असा मोकळा प्रश्न विचारला तर समोरचा चिडतो. दोन पर्याय दिले तर तो एक बोट दाखवून मोकळा होतो. फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नसेल तर “व्हॉट्सॲपवर टाका न भाऊ, मले लिहेल असलं म्हंजे चुकत नाही” असं म्हणायला हरकत नाही. दिवाणजींनाही पुरावा हवाच असतो.

शेठ एक सांगतो, मुकादम दुसरं, हे तर रोजचंच. दोघांचं एकदम करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात आणि दोन्हीकडून बोलणी बसतात. पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा की दोन हुकूम आडवे आले तर शेवटचा शब्द कोणाचा.

काम निवडायची थोडी जरी मुभा असली तरी आकड्यांचं काम मागा. जिनिंगमध्ये काट्याच्या पावत्या, गाठींचे नंबर आणि वजन (एक गाठ साधारण १७० किलो), कापसातला ओलावा मोजणं, ही कामं नियमाने चालतात. ओलाव्याचंच घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला माल घेत नाहीत. मीटर आकडा दाखवतो, ‘ओला वाटते’ असं म्हणत नाही. पण या कामाची एक बाजू आधीच माहीत असू द्या. पहाटेपासून गाडी लावून बसलेल्या शेतकऱ्याला साडेतेराचा आकडा सांगितला की तो तुमच्यावरच ओरडतो. तेव्हा वाद घालू नका, ओलावा का वाढला तेही समजावत बसू नका. मीटरचा पडदा त्याच्याकडे वळवा, आकडा चिठ्ठीवर लिहा आणि एकच वाक्य पाठ ठेवा: “काका, आकडा हा आहे. भाव मी नाही लावत, ग्रेडर लावते.” तरी थांबला नाही तर ग्रेडरला, म्हणजे मालाची प्रत ठरवणाऱ्याला, हाक मारा. ग्रेडर जवळ असेल अशीच जागा मागून घ्या. दारात एकट्याने मीटर धरून उभं राहणं टाळा.

डबल रोलर जिनांच्या (सरकी काढणाऱ्या मशीनच्या) रांगेजवळ कानात फोमचे इअरप्लग लागतातच. हात धुऊन, प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. अर्धाच बाहेर लोंबत असेल तर तो काही उपयोगाचा नाही. रुईच्या धुळीच्या हातांनी दिवसातून पाचदा काढ-घाल केली की कान खाजतो. मग माणूस प्लगच सोडून देतो. वायरचे हेडफोन आणि गाणी मशीनजवळ बिलकूल नको: पट्ट्यात वायर अडकते आणि मागे येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही. प्लग घातल्यावर मागून हाक ऐकू जाणार नाही, तेव्हा सोबत्यांना सांगून ठेवा की समोर येऊन हात दाखवा, खांद्यावर थाप मारू नका. अचानक स्पर्शाने दचकणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं, आणि कारणही कोणी विचारत नाही.

मार्चनंतर ऊन. अनेक ऑटिस्टिक माणसांना तहान, भूक, अंगातला ताप वेळेवर जाणवत नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत हे जिवावर बेतू शकतं. तहान लागायची वाट पाहू नका, घड्याळावर प्या: उन्हात काम असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली. तासाला १.४ लिटरच्या वर मात्र नको. मोबाइलला थरथरणारा अलार्म लावा. शर्टाची शिवण किंवा लेबल टोचत असेल तर आतून जुना मऊ सुती बनियन घाला. रुईचे तंतू घामाला चिकटतात, तोही त्रास त्याने कमी होतो.

डोकं भरून आलं की काय करायचं हे शांत असतानाच ठरवा. डोकं भरायच्या आधी आपल्याला दिसणारी लक्षणं लिहून काढा: शब्द न सापडणं, एकच ओळ तीनदा वाचणं, लाइट डोळ्यांत खुपणं. त्यातली दोन दिसली की “पाणी पिऊन येतो” म्हणून उठायचं, ठरलेल्या शांत जागी (सरकीच्या गोदामामागे, गाड्यांच्या वाटेपासून दूर) वीसेक मिनिटं बसायचं. ही सवलत आधी बोलून ठेवलेली असावी, नाहीतर ‘कामचोर’ ठरतो. तेवढी वेळ संध्याकाळी भरून देतो असं स्वतःहून म्हटलं तर नाही म्हणणारा दिवाणजी विरळा.

चहाच्या टोळक्यात रोज बसायलाच हवं असं नाही, पण कधीच न गेलात तर “लय शाना समजते स्वतःले” असं होतं. पाच मिनिटं उभ्याने चहा, एक प्रश्न (“तुमच्याकडे सोयाबीन किती झालं?”) आणि काम आहे म्हणून परत. एवढं पुरतं. आणखी एक: भिडस्तपणाचा फायदा घेणारे असतात. उसने पैसे देऊ नका, आणि कोऱ्या व्हाउचरवर किंवा रकमेची जागा मोकळी असलेल्या पावतीवर सही नको, मग सांगणारा घरचा का असेना.

सरकारी नोकरीचं गणित वेगळं. तिथे नाव सांगण्यात फायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझम येतो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर शासकीय आस्थापनांतल्या ४ टक्के आरक्षणात पात्रता मिळते. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. तिथे वापरल्या जाणाऱ्या आयएसएए (ऑटिझम मोजायची भारतीय पद्धत) मापनात ४० बाबी, प्रत्येकी १ ते ५ गुण, आणि ७० पासून ऑटिझम धरतात. मोठी माणसं इथे हमखास चुकतात: वर्षानुवर्षं लपवायची सवय, म्हणून प्रत्येक प्रश्नाला “नाही, ठीक आहे” म्हणतात आणि गुण कमी पडतात. जाताना लहानपण पाहिलेलं आई-मावशीपैकी कोणीतरी सोबत न्या, शाळेचे जुने शेरे न्या, आणि अडचणींची उदाहरणं कागदावर लिहून न्या.

नोकरीत असाल तर बसायची जागा, लेखी सूचना, अशा सोयींचा अर्ज कार्यालयप्रमुखाला द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं. दाद मिळाली नाही तर कार्यालयाचा तक्रार निवारण अधिकारी, त्यानंतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. खाजगी ठिकाणी २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरण आणि संपर्क अधिकारी असणं नियमाने बंधनकारक आहे. जिनिंगमध्ये असा कागद दिसणं कठीण, पण विचारण्याचा हक्क आहे.

सीझन संपताना रोजचा क्रम एकदम तुटतो, आणि बरेच जण तिथेच ढासळतात. जिन बंद व्हायच्या पंधरा दिवस आधी दिवाणजींकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: राहिलेल्या मजुरीचा आकडा, काम केल्याचं पत्र, आणि पुढच्या सीझनला कोणाला, कधी फोन करायचा. हजेरी-पुस्तकातल्या आपल्या पानांचे फोटोही त्याच दिवशी काढून ठेवा.