मेकअप स्पंज पहिल्यांदा वापरताय? आधी तो भिजवा

फाउंडेशन बोटांनी लावलं की कुठे जास्त, कुठे कमी बसतं. ब्रशने लावलं तर कधीकधी केसांच्या बारीक रेघा राहतात. स्पंजने हे दोन्ही टळतं, फक्त तो ओलसर हवा आणि त्याने चेहरा पुसायचा नाही, थोपटायचा. 'आणला होता, पण काही फरक वाटला नाही' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, भिजवला होता का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं.

पूर्वी मेकअपसाठी तिकोनी स्पंज असायचे. त्यांच्या कडांचे वळ चेहऱ्यावर उठायचे. एचडी कॅमेरे आल्यावर पडद्यावर ते लगेच दिसू लागले, तेव्हा अमेरिकन मेकअप आर्टिस्ट रिया ॲन सिल्व्हा सेटवर स्पंजच्या कडा कापून त्याला गोलाई द्यायच्या. त्यातूनच पुढे २००३ मध्ये अंड्याच्या आकाराचा गुलाबी 'ब्यूटीब्लेंडर' आला. आज तसाच आकार शंभर-दीडशे रुपयांतही मिळतो, आणि शिकण्यासाठी तो पुरेसा आहे. घेताना दाबून बघा. मऊ हवा आणि सोडल्यावर लगेच पूर्ववत फुगायला हवा. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर पाकिटावर 'लेटेक्स-फ्री' लिहिलंय का ते नक्की पाहा. रंग फिका घ्या. काळा स्पंज छान दिसतो, पण त्यात किती मळ साचलाय ते कळत नाही. गडद रंगाचा घेतलाच, तर आधी एक-दोनदा धुऊन त्याचा सुटा रंग जाऊ द्या.

पायरी १ : भिजवा आणि पिळा

नळाखाली धरून स्पंज मुठीत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पाणी आत जाईल तसा तो फुगत जातो, चांगला स्पंज जवळजवळ दुप्पट होतो. मधे कडक गाठ लागत असेल तर आतून अजून कोरडा आहे. पूर्ण फुगला की मुठीत दाबून पिळा, मग नॅपकिनमध्ये गुंडाळून पुन्हा एकदा घट्ट दाबा. ही दुसरी पिळणी बऱ्याच जणी गाळतात आणि तिथेच फसतात. मनगटावर टेकवून पाहा : गार लागला पाहिजे, पण कातडीवर पाणी उमटता कामा नये.

कोरडा स्पंज फाउंडेशन पिऊन टाकतो. भिजवल्यावर त्याची छिद्रं पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे फाउंडेशन वरच्या वर राहून चेहऱ्यावर उतरतं. पाणी जास्त राहिलं, तर तेच फाउंडेशन पातळ होऊन ओघळल्यासारखं दिसतं.

पायरी २ : चेहरा तयार करा

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि दिवसाची वेळ असेल तर सनस्क्रीन लावा. हे दोन्ही बोटांनीच लावा. सनस्क्रीन भरपूर लागलं तरच उपयोगी पडतं, स्पंजमध्ये त्यातलं बरंचसं अडकून राहील. मग पाचेक मिनिटं थांबा. घाई केली तर फाउंडेशन लावताना त्याचे बारीक गोळे सुटू लागतात.

पायरी ३ : थोपटा

वाटाण्याएवढं फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्या. थेट स्पंजवर ओतू नका, एकाच जागी जिरून वाया जातं. बोटाने कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटीवर छोटे ठिपके द्या. आता स्पंजचा गोल, रुंद भाग गालावर सरळ टेकवा आणि सरळ उचला. टेकवा, उचला. हात हलका आणि मनगट सैल हवं. टप-टप असा अगदी हळू आवाज येतो, तो आला की दाब बरोबर आहे असं समजा. ओढलंत की खालचा थर निघून येतो आणि मधेच कातडीचा तुकडा उघडा पडतो.

चेहऱ्याच्या मधून बाहेरच्या बाजूला जा. नाकाशेजारी आणि गालांवर आपल्याला झाकायचं जास्त असतं. कानाजवळ आणि केसांच्या रेषेपाशी स्पंजवर उरलेलंच पुरतं. जबड्याखाली मानेवरही दोन-चार वेळा थोपटा, नाहीतर चेहरा वेगळा आणि मान वेगळी दिसते.

स्पंजच्या निमुळत्या टोकाचं काम वेगळं. नाकपुडीची खाच, ओठांचे कोपरे, डोळ्यांखालची जागा इथे गोल भाग पोचत नाही. काळी वर्तुळं किंवा वांग असतील तर तेवढ्याच जागी कन्सीलरचा (डाग झाकायच्या दाट क्रीमचा) ठिपका द्या, अर्धा मिनिट बसू द्या आणि टोकाने फक्त त्याच्या कडा थोपटून मिसळा. मधल्या भागाला हात लावू नका, नाहीतर जे झाकायला निघालात तेच पुन्हा वर येईल. एक थर पुरला नाही तर सगळ्या चेहऱ्यावर दुसरा चढवू नका, जिथे कमी पडलंय तिथेच द्या. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

पायरी ४ : पावडर

डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूंना लूज पावडर स्पंजनेच दाबून बसवता येते. एक बाजू पावडरीत बुडवा, जादा झटका, दाबा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तासाभरात घाम येतोच. तेव्हा घामावर पावडर चढवू नका, त्याचा लगदा होतो. आधी टिश्यूने घाम टिपून घ्या, मगच पावडर.

नथ घालायची असेल तर नाकपुडीच्या त्या बाजूला फाउंडेशन अगदी पातळ ठेवा आणि पावडर दाबून नीट बसू द्या, मगच नथ चढवा. चापाची नथ ओल्या थरावर घासली की तिथे गोल डाग पडतो आणि फोटोत तोच दिसतो. टिकलीसाठी कपाळावरची तेवढी जागा कापसाने पुसून घ्या, पावडरीवर गोंद धरत नाही.

पहिला प्रयोग घरच्या दिवशी करा

लग्न-मुंजीच्या सकाळी नवा स्पंज काढू नका. सुट्टीच्या दिवशी अर्ध्या चेहऱ्यावर नेहमीसारखं बोटांनी आणि अर्ध्यावर स्पंजने लावा. फाउंडेशन तेच, मापही तेच. मग बाथरूमच्या दिव्यात नाही, खिडकीपाशी उजेडात आरसा धरा. तीन-चार तासांनी पुन्हा बघा : नाकाच्या कडा, ओठांभोवतीच्या रेषा, डोळ्यांखाली. खरा फरक इथे कळतो. एक मात्र ध्यानात ठेवा, ओल्या स्पंजने थर पातळ बसतो. डाग पूर्ण झाकायचे असतील, तर आधी ब्रशने लावून वरून स्पंजने थोपटणं बरं पडतं.

धुणं टाळू नका

ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात वापरातली मेकअपची साधनं तपासली गेली. त्यातले ९३ टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. ओलावा, त्वचेचं तेल आणि मेकअप एकत्र असताना जंतूंना आणखी काय हवं?

म्हणून वापर झाला की लगेच धुवा. ओल्या स्पंजवर सौम्य साबण किंवा बेबी शाम्पू घ्या, तळहातावर गोल फिरवा आणि फेस पांढरा येऊन पाणी नितळ होईपर्यंत दाबत राहा. पिळताना पीळ देऊ नका, नखं लावू नका, फाटतो. वाळवताना मोकळी हवा हवी. ओला स्पंज मेकअपच्या पाऊचमध्ये बंद केला की आत बुरशी धरते, आणि पावसाळ्यात तर हमखास. त्या दिवसांत तो बाथरूममध्ये न ठेवता पंख्याखाली ठेवा. साधारण तीन महिन्यांनी नवा घ्या. त्याआधीच वास आला, काळे ठिपके दिसले किंवा तुकडे पडू लागले तर लगेच टाका. डोळे आले असताना वापरलेला स्पंज धुऊन ठेवायचाही मोह नको.

तुमचा स्पंज बहिणीला, मैत्रिणीला देऊ नका. समारंभासाठी मेकअप करायला कोणी येणार असेल, तर आपला धुतलेला स्पंज पुढे करा आणि 'ताई, माझ्यासाठी हाच वापरा' असं सांगा. मेकअप चांगला करणाऱ्या कोणालाही याचं वाईट वाटणार नाही.