अमेरिकन सुप्रीम कोर्टाची मालिका कशी बघावी: एका निवृत्त बेंच क्लार्कची रीत

एकतीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क होतो. रोजनामा लिहिला, मुद्देमाल सांभाळला, पट्टेवाला रजेवर असला की पुकाराही केला. त्यामुळे टीव्हीवर कोर्ट दिसलं की मी मध्ये मध्ये बोलतो आणि बायको रिमोट उचलते. मुलीकडे व्हर्जिनियात असताना ‘फर्स्ट मंडे’ ही जुनी मालिका हाती लागली. ती २००२ साली सीबीएसवर आली आणि तेरा भागांत आटोपली. नावाचा अर्थ सोपा आहे: तिथल्या सुप्रीम कोर्टाचं नवं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं. बाकी पहिले दोन भाग माझ्या डोक्यावरून गेले. तिसऱ्याला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा कुठे रंग भरला. तुम्हीही तसंच बसा.

आधी एक करा, साक्षीदाराचा पिंजरा शोधू नका. तिथे साक्षीपुरावा नाही, ज्युरी नाही, ‘मी खरं सांगेन’ची शपथ नाही. ते सगळं खालच्या कोर्टात उरकलेलं असतं. इथे भांडण फक्त कायद्याच्या अर्थाचं. तारीख-पे-तारीखही नाही. दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा तास मिळतो. वकिलासमोर दिवे असतात. पांढरा लागला की पाच मिनिटं उरली, लाल लागला की थांबायचं. असा लाल दिवा आमच्या कोर्टात बसवला असता, तर दुसऱ्याच दिवशी त्याचा बल्ब गायब झाला असता!

आता कागदावर एका ओळीत नऊ वर्तुळं काढा. आपल्याकडे दोघा-तिघांचं खंडपीठ बसतं, महत्त्वाच्या घटनात्मक प्रश्नाला पाच किंवा जास्त. तिथे मात्र सगळे नऊ एकत्र बसतात, आणि १८६९पासून आकडा नऊच आहे. मधलं वर्तुळ सरन्यायाधीशांचं. मालिकेत ते ब्रँकिन, म्हणजे जेम्स गार्नर. बाकीचे ज्येष्ठतेप्रमाणे आलटून पालटून त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला. म्हणजे सर्वांत नवा माणूस प्रेक्षकाच्या उजव्या टोकाला यायला हवा. त्या वर्तुळात ‘नोव्हेली’ लिहा. ते काम ज्यो मँटेनाने केलंय. कोर्ट चार-चार असं दुभंगलेलं, त्यात हा नववा. मतं समसमान पडली तर खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो, त्यामुळे सगळे या नवख्याच्या तोंडाकडे का बघतात ते लगेच कळेल.

न्यायमूर्ती बाजूने वाटला तर वर्तुळाखाली अधिक, विरोधात वाटला तर वजा करत चला. दोन आकडे ध्यानात ठेवा: चार न्यायमूर्ती हो म्हणाले की प्रकरण सुनावणीला घेतात, निकालाला मात्र नऊपैकी पाच लागतात. दरवर्षी हजारो अर्ज येतात. त्यांतले साठ-सत्तर सुनावणीपर्यंत पोचतात.

खरी मजा युक्तिवादात नाही, न्यायमूर्ती मतं द्यायला बसतात त्या बंद खोलीत आहे. आत फक्त नऊ जण. कारकून नाही, शिपाई नाही. बसण्याआधी प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो. मी हिशेब केला, छत्तीस हस्तांदोलनं होतात. आणि दारावर टकटक झाली तर उठून दार कोण उघडतं? सर्वांत कनिष्ठ न्यायमूर्ती! हे कळल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. मग सरन्यायाधीश आधी बोलतात, पुढे ज्येष्ठतेप्रमाणे. ते बहुमतात असतील तर निकाल कोणी लिहायचा हे तेच ठरवतात. नसतील तर बहुमतातला सर्वांत ज्येष्ठ ठरवतो. कागदावर लिहिणाऱ्याच्या नावाला गोल करा, कारण निकालाचा सूर तोच लावतो.

मालिकेत ‘क्लार्क’ शब्द आला की मी खूश झालो, म्हटलं, आपला माणूस! कसलं काय. ही कायद्याची पदवी घेतलेली हुशार पोरं, बहुधा वर्षभरापुरती, एकेका न्यायमूर्तीकडे चार. मसुदे करतात, वाद घालतात. रोजनामा कोण लिहितं कुणास ठाऊक.

भाग संपला की त्या कोर्टाच्या संकेतस्थळावर जाऊन एखाद्या खऱ्या सुनावणीचं ध्वनिमुद्रण ऐका, फुकट आहे. कॅमेरा आत नेता येत नाही, म्हणून ऐकण्यावरच भागवायचं. (आपल्या सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२पासून घटनापीठाची सुनावणी थेट दाखवायला घेतली, इथे आपण पुढे.) मालिकेतला वकील ऐटीत भाषण ठोकतो. खऱ्या वकिलाला २०१९पासून सुरुवातीची दोनेक मिनिटं मोकळी मिळतात, मग प्रश्नांचा जो मारा सुरू होतो, त्यात त्याचं वाक्य पुरं होत नाही.

‘फर्स्ट मंडे’च्याच वर्षी, २००२ साली, एबीसीवर सॅली फील्डची ‘द कोर्ट’ आली होती. तिचे तीनच भाग दाखवले गेले. तिला वेगळा कागद लागणार नाही, याच्याच मागच्या बाजूला वर्तुळं काढा.

पेन मात्र घेऊ नका, खोडरबरवाली पेन्सिलच घ्या. खोलीतलं मत अखेरचं नसतं. निकाल जाहीर होईपर्यंत न्यायमूर्ती फिरू शकतो, आणि माझ्या कागदावर नोव्हेलींच्या वर्तुळाखाली खोडून खोडून भोक पडलंय.