सप्लिमेंटचे रिव्ह्यू बघून ऑर्डर करताय? आधी या चुका टाळा

कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही जिममध्ये जा, व्हे प्रोटीन, फॅट बर्नर, शिलाजीत ह्याच्याच गप्पा चालू असतात, आणि घेताना लोक बघतात काय तर फक्त स्टार. 4.3 दिसले की ऑर्डर. आता 2019 ची एक केस सांगतो, अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) गार्सिनिया कंबोजियाच्या, म्हणजे वजन कमी करायला म्हणून खपवल्या जाणाऱ्या एका फळाच्या अर्काच्या कॅप्सूल विकणाऱ्या एका कंपनीला पकडलं, मालकाने पैसे देऊन अॅमेझॉनवर खोटे रिव्ह्यू टाकून घेतले होते आणि त्याला रेटिंग 4.3 च्या खाली जाऊ द्यायचंच नव्हतं. ह्याच गार्सिनियाने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात, म्हणजे प्रश्न नुसत्या पैशांचा नाहीये.

दुसरी चूक, 'व्हेरिफाइड पर्चेस' दिसलं की निर्धास्त होणं. त्याचा अर्थ एवढाच की वस्तू तिथून विकत घेतली. टेलिग्रामवर ग्रुप असतात, डबा मागवा, 5 स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत. डब्यातच 'रिव्ह्यू टाका, कॅशबॅक मिळवा' असं कार्ड निघालं तर समजून जा बाकीचे रिव्ह्यू कसे आले असतील.

रिव्ह्यू नक्की ह्याच प्रॉडक्टचे आहेत का तेही बघा. जुन्या खपणाऱ्या प्रॉडक्टच्या लिस्टिंगला नवीन डबा जोडतात, मग जुने हजारो स्टार फुकटात मिळतात. बाउंटिफुल नावाच्या सप्लिमेंट कंपनीला 2023 मध्ये ह्याच्यासाठी 6 लाख डॉलर भरावे लागले. त्यामुळे जुने रिव्ह्यू उघडा, फोटोत वेगळाच डबा दिसला तर सोडून द्या. आणि 2-3 स्टारवाले आधी वाचा, खरी माहिती बऱ्याचदा तिथे असते, 5 स्टारवाले बरेचसे डिलिव्हरी आणि चवीबद्दलच बोलतात.

इन्फ्लुएन्सरचा कूपन कोड असला की त्याला कमिशन आहे असंच धरून चाला. 2022 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे असे संबंध स्पष्ट सांगावे लागतात, दिशाभूल केली तर 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तरी सांगत नाहीत.

सगळ्यात घातक म्हणजे 'माझी शुगर उतरली, गोळ्या बंद केल्या' असले रिव्ह्यू. घरातली वयस्कर माणसं हे वाचून खरंच गोळ्या सोडतात हो, प्लीज त्यांच्याशी बोला. हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर औषध म्हणून वापरायचं नाही असं छापावंच लागतं, ते त्यांना दाखवा. डब्यावरचा एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) 14 आकडी नंबरही त्यांच्याच फॉस्कॉस (FoSCoS) ह्या परवान्यांच्या साइटवर टाकून बघा, पण तो कंपनीचा परवाना असतो, गुण येतो ह्याचा पुरावा नाही. आणि बायोटिन (केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन) चालू असेल तर थायरॉइडची टेस्ट करायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला नक्की सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

फसवा रिव्ह्यू किंवा जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि 1915 ला, म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार करा, मराठीतून पण घेतात.