क्वचित वाचणाऱ्याला कादंबरी सुचवताय? या चुका टाळा

माझ्या मावसभावाने दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. वाढदिवसाला मी त्याला 'मृत्युंजय' दिली. दोन वर्षांनी त्याच्या घरी गेले, तर ती टीव्हीखालच्या कप्प्यात होती आणि चाळिसाव्या पानात खुणेसाठी विजेचं बिल खोचलेलं. ते बिल पाहून वाईट वाटलं. त्याने प्रयत्न केला होता.

आपलं लाडकं पुस्तक देणं

चूक इथेच होते. शिवाजी सावंतांची ही कादंबरी जाडजूड आहे, भाषा भरजरी आहे आणि कर्ण, कुंती, दुर्योधन असे निवेदक बदलत जातात. सवय असलेल्याला त्यातच गोडी वाटते. आठवड्याला दहा पानं वाचणारा मात्र दर वेळी धागा शोधत बसतो. भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला'चंही तेच. थोर म्हणून ती पहिल्यांदा हातात देऊ नका.

'तुला काय वाचायला आवडेल?' असं विचारणं

जो वाचत नाही तो याचं काय उत्तर देणार? त्यापेक्षा तो कशावर तासभर बोलतो ते ऐका. माझा भाऊ जेसीबी चालवतो. घाटातल्या दरडीचा विषय निघाला की चहा गार होतो. म्हणून पुढच्या वेळी प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' (१९८१) दिली. मुंबईचा तरुण इंजिनिअर, हिमालयातला उभा कडा, खाली सतलज आणि त्या कड्यातून रस्ता काढायचा. आठवड्याने फोन आला, "ताई, त्या इंजिनिअरचं पुढं काय होतं? नको, सांगू नको!"

शाळेच्या आठवणींत रमणाऱ्याला मिलिंद बोकिलांची 'शाळा' द्या. नववीतली मुलं, आणीबाणीचा काळ आणि बोलणं अगदी मागच्या बाकावरचं. सिनेमा पाहिला असेल तरी बिघडत नाही. पात्रं ओळखीची असली की पहिली पानं सोपी जातात.

पाच नावं एकदम पाठवणं

एकच सांगा, आणि शक्यतो पुस्तकच हातात द्या. यादी फोनमध्येच राहते.

'कुठवर आलं?' असं सारखं विचारणं

याने वाचन म्हणजे गृहपाठ होतो. तीस-चाळीस पानांत गाडी अडली, तर पुस्तक परत मागून घ्या, कारण विचारू नका. कधी अडचण नुसती बारीक छपाईची असते. चाळिशी लागलेल्याला मोठ्या टायपाची आवृत्ती किंवा फोनवर अक्षर वाढवून ई-बुक द्या. गाडी चालवणाऱ्याला ऑडिओ.

'रारंगढांग' संपल्यावर भावाने आपणहून विचारलं, "असलंच अजून काही आहे का, पण बारकं?" मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पाठवली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळ. आमचं आजोळ त्याच पट्ट्यातलं. या वेळी मी फोन केलेला नाही.